डोक्याला मार : दैव की हिशेब?

सोयाबीनच्या सुगीचे दिवस असोत की लग्नसराईचे, वाशीम जिल्ह्याच्या बातम्यांत एक ठरावीक साच्याची बातमी हमखास दिसते. दुचाकी घसरून तरुण ठार. गतिरोधकावर गाडी उसळून मागे बसलेली महिला गंभीर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडून मजूर जखमी. नावे आणि गावे बदलतात, पण बातमीच्या शेवटचे चार शब्द बहुधा तेच असतात : ‘डोक्याला जबर मार लागल्याने’. वाचणारा क्षणभर हळहळतो, ‘कपाळात होते’ असे म्हणतो आणि पान उलटतो.

या चार शब्दांचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे शब्द ज्या घटनेचे वर्णन करतात ती घटना गूढ राहिलेली नाही. गेली ऐंशीहून अधिक वर्षे शल्यविशारदांनी आणि त्यांच्या बरोबरीने अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी तिचा अभ्यास केला आहे. आघात होताना कवटीच्या आत काय घडते, किती मिलिमीटरांनी माणूस वाचतो आणि किती मिलिमीटरांनी जातो, हे त्यांनी मोजून ठेवले आहे. या विद्याशाखेला जैवयांत्रिकी म्हणतात. प्रश्न ज्ञानाचा उरलेला नसून ते ज्ञान प्रयोगशाळेतून रिसोड-मालेगावच्या रस्त्यापर्यंत का पोचत नाही, हा आहे. आणि हा प्रश्न अभियांत्रिकीचा जितका आहे, तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होती. डोक्यावर हेल्मेट नसताना मरण पावलेल्यांची संख्या ५० हजार २९ होती. म्हणजे वर्षभरात एखादे तालुक्याचे गाव नाहीसे व्हावे, तशी ही हानी आहे. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजार २२४ माणसे रस्त्यावर मेली. ही झाली मृतांची गणना. जे मेले नाहीत, परंतु पूर्ववतही झाले नाहीत, ज्यांचे शरीर घरी आले आणि स्वभाव, स्मृती व हुशारी रस्त्यावरच राहिली, त्यांच्यासाठी या अहवालात वेगळा रकाना नाही. ‘गंभीर जखमी’ या दोन शब्दांत ते सारे सामावले जातात.

शल्यविशारद आणि पदार्थवैज्ञानिक

या शास्त्राचा इतिहास बोधप्रद आहे. अरबस्तानातील कामगिरीमुळे जगप्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले. डोक्याला मार लागून, शुद्धीवर न येता, सहाव्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. या मृत्यूनंतर केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. महायुद्ध सुरू झाल्यावर सैन्याचे निरोपे मोटारसायकलवरून धावू लागले आणि शत्रूच्या गोळीवाचूनच मरू लागले. केर्न्स यांचा अभ्यास १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने कामावरील सर्व मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले.

परंतु सामान्य नागरिकांसाठी तोच नियम ब्रिटनमध्ये यायला १९७३ साल उजाडले. शिस्तबद्ध सैन्यात जे काही महिन्यांत झाले, त्याला नागरी जीवनात बत्तीस वर्षे लागली. ज्ञान आणि वहिवाट यांमधील हे अंतर केवळ आपल्याच वाट्याला आलेले नाही, हे ध्यानात घ्यावे. मात्र तेवढ्याने आपला दोष कमी होत नाही.

केर्न्स यांच्या जोडीला ऑक्सफर्डमध्ये ए. एच. एस. होलबोर्न हे पदार्थवैज्ञानिक काम करीत होते. डोक्याच्या दुखापतीकडे त्यांनी वैद्याच्या नव्हे, तर यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिले. १९४३ मध्ये त्यांनी मांडलेला सिद्धांत पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरला. त्यांचे म्हणणे असे : मेंदू पाण्याप्रमाणे सहजी दाबला जात नाही, त्याचे आकारमान घटविण्यास प्रचंड बळ लागते. उलट त्याचा आकार बदलण्यास, त्याला पिळण्यास, अत्यल्प बळ पुरते. म्हणून मेंदूची खरी हानी सरळ धक्क्यापेक्षा डोके झटक्याने गरकन फिरण्याने अधिक होते.

वाटीतला खरवस

हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. वाटीत गच्च भरलेला खरवस डोळ्यांपुढे आणावा. वाटी सरळ पुढे सरकविली तर खरवस वाटीबरोबर जातो. फारसे काही बिघडत नाही. पण वाटी हातात धरून एकदम गरकन फिरविली, तर वाटीचा काठ फिरतो आणि मधला खरवस जागच्या जागी राहू पाहतो. काठाशी तो सुटतो आणि आत त्याला चिरा पडतात. सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा आपला मेंदू असाच मऊ असून तो हाडाच्या वाटीत ठेवलेला आहे. डोके रस्त्यावर तिरपे आपटते तेव्हा कवटी फिरते आणि मेंदू मागे राहतो. त्या ओढाताणीत मेंदूच्या पृष्ठभागावरून कवटीच्या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा तुटतात आणि आत रक्त साचते. त्याहून खोलवर, मेंदूच्या एका भागाचा दुसऱ्याशी संबंध जोडणारे सूक्ष्म तंतू ताणले जातात. हे तंतू सावकाश ताणले तर टिकतात; काही सहस्रांश सेकंदांत ताणले तर निकामी होतात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात शल्यविशारद गेनारेली आणि अभियंते थिबॉल्ट यांनी १९८२ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की डोके कशावरही न आपटता केवळ वेगाने फिरविले तरी दीर्घ बेशुद्धी येते आणि हे तंतू सर्वदूर नष्ट होतात. त्याआधी, १९३९ पासून, डेट्रॉइटच्या वेन विद्यापीठात शल्यविशारद गुर्जियन आणि यंत्रशास्त्राचे प्राध्यापक लिस्नर यांनी कवटी किती आघात सोसते याची मोजदाद आरंभली होती. मोटारींच्या सुरक्षा-चाचणीत आजही वापरला जाणारा डोक्याच्या दुखापतीचा निर्देशांक त्याच कामातून आला. शल्यविशारद आणि अभियंता यांची जोडी या इतिहासात पुनःपुन्हा भेटते, आणि ते स्वाभाविकच आहे. झालेली दुखापत वैद्य बरी करू पाहतो. ती का झाली, हे अभियंता विचारतो.

या संशोधनाचा एक निष्कर्ष तर प्रत्येक घरात पोचावयास हवा. तंतूंची ही विखुरलेली हानी साध्या सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसत नाही. डॉक्टर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असे सांगतात, मुलगा पायांनी चालत घरी येतो आणि महिन्याभरात घरच्यांना कळते, की हा पहिला मुलगा नव्हे. तो विसरतो, चिडतो, पैशांचा हिशेब त्याला जमत नाही, कामावर तो टिकत नाही. गाव त्याला वेडसर ठरवितो, कोणी ‘बाहेरचे’ सांगतो, कोणी व्यसनाचा संशय घेतो. वस्तुतः त्याला झालेली इजा मोडलेल्या हाडाइतकीच शारीरिक असते. दिसत नाही एवढाच तिचा अपराध.

आपल्या देशातील काम

हे सारे परदेशातच घडले असा समज होऊ नये. दिल्लीच्या आयआयटीतील प्राध्यापक दिनेश मोहन यांनी मिशिगन विद्यापीठात जैवयांत्रिकीचे उच्च शिक्षण घेतले. मुले उंचावरून पडून डोक्यावर आपटतात तेव्हा काय होते, याचा सहकाऱ्यांसमवेत त्यांनी केलेला अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले प्रत्यक्षात जशी पडली त्या घटना घ्यायच्या, त्या गणिताने पुन्हा घडवायच्या आणि कोवळी कवटी किती सोसते याचा अंदाज बांधायचा, अशी त्याची पद्धत होती. भारतात परतल्यावर त्यांनी हरियाणाच्या खेड्यांत मळणीयंत्रांच्या आणि चारा कापण्याच्या यंत्रांच्या दुखापतींचाही अभ्यास केला. ज्या जिल्ह्यात सुगीला शेतोशेत मळणीयंत्रे धडधडतात, तेथील वाचकाला त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून यंत्र आणि रस्ता असे रचावेत की त्या चुकीला देहान्ताची शिक्षा होऊ नये, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. मे २०२१ मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले.

याच परंपरेत आज रुरकीच्या आयआयटीत यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक शैलेश गणपुले हे मराठी आडनावाचे संशोधक काम करीत आहेत. इराक व अफगाणिस्तानच्या युद्धांत सुरुंगाच्या स्फोटातून बाहेरून धडधाकट परतलेल्या सैनिकांना मेंदूच्या तक्रारी का जडतात, हा प्रश्न तेव्हा अमेरिकेत ऐरणीवर होता. नेब्रास्का विद्यापीठात नमस चंद्र यांच्या मार्गदर्शनाखाली गणपुले यांनी त्याचाच अभ्यास केला. स्फोटाची लाट कृत्रिम डोक्यावर सोडायची, दाब मोजायचा आणि तीच घटना संगणकावर गणिताने मांडायची, असे ते काम. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट मोठी लक्षणीय आहे. शिरस्त्राण आणि डोके यांमध्ये मोकळी पोकळी राहिली तर स्फोटाची लाट त्या फटीत शिरते आणि काही ठिकाणी दाब कमी होण्याऐवजी उलट वाढतो. तीच फट गादीने भरली तर हा परिणाम घटतो. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सहकाऱ्यांसमवेत मानवी डोक्याचे त्रिमिती गणिती प्रारूप घडविले. जिवंत माणसाचे डोके सौम्यपणे हलविले असता आतला मेंदू कसा हलतो, याच्या चुंबकीय प्रतिमांशी ते ताडून पाहण्यात आले. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

युद्धभूमीवरील या संशोधनाचे विदर्भाला काय, असे कोणी विचारील. गडचिरोली विदर्भातच आहे. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यात नक्षलवाद्यांनी घडविलेल्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मारला गेला. अशा स्फोटांतून जे जिवंत परततात त्यांच्या डोक्यात काय झाले असेल, हा आपलाही प्रश्न आहे. दुसरे असे, की या संशोधनातून सर्वांनाच एक धडा मिळतो. शिरस्त्राण म्हणजे ताईत नव्हे. कोणता आघात, कोणत्या दिशेने आणि किती वेळात, याचा हिशेब करून ते घडवावे लागते, आणि ते डोक्यावर नीट बसावे लागते. गोळी अडविणारे टोप स्फोटाच्या लाटेला पुरे पडतेच असे नाही. पट्टा न लावलेले किंवा रस्त्याच्या कडेला स्वस्तात घेतलेले, आत नुसता कापडाचा थर असलेले टोपडे तर कशालाच पुरे पडत नाही.

दोन मिलिमीटर आणि पंचवीस मिलिमीटर

येथे एक सोपे गणित मांडतो. ते शाळेतल्या मुलालाही करता येईल. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. गाडी उभी असतानाच तो कलंडला, तरी त्याचे डोके जमिनीला टेकताना ताशी एकोणीस-वीस किलोमीटर वेगाने टेकते. म्हणजे ‘मी कुठे जोरात चालवतो?’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. खाली पडण्याचा वेग गाडीच्या वेगावर अवलंबून नसून उंचीवर अवलंबून असतो. आता हा वेग शून्य व्हायला किती अंतर मिळते, त्यावर सारे ठरते. उघडी कवटी डांबरावर आपटली आणि तिला थांबायला दोन मिलिमीटर मिळाले असे धरू. दीड हजार मिलिमीटरला दोनने भागले की उत्तर येते ७५०. गुरुत्वाकर्षणाच्या साडेसातशे पट धक्का. तेच हेल्मेटच्या आतील थर्माकोलसारखा पांढरा थर चेंगरून डोक्याला पंचवीस मिलिमीटर मिळाले, तर पंधराशे भागिले पंचवीस, म्हणजे साठ पट. प्रत्यक्षात तो थर पूर्ण जाडीभर सारखा दबत नाही, म्हणून आकडा याहून मोठा येतो आणि डोक्याच्या गरगरण्याचा प्रश्न त्यापलीकडे उरतोच. तरीही दोन उत्तरांतील अंतर जीव आणि मृत्यू यांमधील आहे. इंचभर जाडीचा तो थर स्वतः चेंगरतो म्हणून डोके चेंगरत नाही. आणि एकदा चेंगरला की तो पुन्हा उभारी धरत नाही, म्हणून जबर पडझडीनंतर हेल्मेट बदलावे लागते.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. जगभरातील अभ्यास एकत्र तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्याने दाखविले, की हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या डोक्याला दुखापत होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो. एवढ्या अल्प खर्चात एवढे फळ देणारी गुंतवणूक अर्थशास्त्राच्या अध्यापकास तरी सहजी आठवत नाही.

खर्च कोणाचा?

मग ही गुंतवणूक होत का नाही? हेल्मेटची किंमत, उष्म्याचा त्रास, ते सांभाळण्याची कटकट हे सारे आज आणि रोज सोसावे लागते. अपघात मात्र ‘आपल्याला होत नाही’. आजचा लहान पण निश्चित खर्च आणि उद्याचे मोठे पण अनिश्चित नुकसान यांत माणूस आजचा खर्च टाळतो. सावकाराकडे गहाण पडणारा शेतकरी आणि व्याजावर जगणारा व्यापारी दोघेही हे जाणतात.

विरोधकांचा मुख्य मुद्दा स्वातंत्र्याचा असतो. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी कडक होताच ‘डोके आमचे, निर्णय आमचा’ अशा भूमिकेतून विरोध उभा राहिला. हा मुद्दा तुच्छ लेखण्याजोगा नाही. परंतु डोके आपले असले तरी ते फुटल्याचा खर्च आपला एकट्याचा नसतो. तो घरातल्या बाईचा असतो, म्हाताऱ्या आईबापांचा असतो, सरकारी रुग्णालयाचा असतो. ज्या कृतीचा खर्च कर्त्यावाचून इतरांवर पडतो, तेथे समाजाला बोलण्याचा अधिकार पोचतो. अर्थशास्त्रातील हे जुने तत्त्व आहे. दुसरा आक्षेप खुद्द आमच्याच शास्त्रातून येतो. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये असे प्रतिपादन केले, की सुरक्षेची साधने मिळाली की चालक अधिक बेफिकीर होतो आणि लाभ वाया जातो. तत्त्वतः हे शक्य आहे. पण हेल्मेटच्या बाबतीत वर दिलेला आढावा पाहता, बेफिकिरीने लाभ पुसून टाकला असे दिसत नाही.

खर्चाचा आकार किती? समजा, महिना बारा हजार रुपये मिळविणारा, पंचविशीच्या आतला तरुण कायमचा निकामी झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानुसार या वयाला अठराचा गुणक लावतात. बारा हजार गुणिले बारा महिने गुणिले अठरा; झाले पंचवीस लाख ब्याण्णव हजार. त्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाचा खर्च निराळाच. हरियाणात २००७ मध्ये आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलीच्या मेंदूला ट्रकच्या धडकेने कायमची इजा झाली. तिच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन परिचारकांचा दरमहा पाच-पाच हजारांचा खर्च अठराच्या गुणकाने धरून केवळ शुश्रूषेपोटी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. घरातली आई जे काम फुकट करते असे आपण मानतो, त्याची न्यायालयाने मांडलेली ही किंमत आहे.

पण न्यायालयापर्यंत पोचतो कोण? रात्री रानडुक्कर आडवे आले, किंवा पट्टे न मारलेल्या गतिरोधकावर गाडी उसळली, तर भरपाई मागायची कोणाकडे? गाडीच्या मालकासाठी व्यक्तिगत अपघात विम्याची तरतूद आहे. परंतु विम्याची मुदत कधीच संपलेली असेल तर ती तरतूद कागदावरच राहते. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. तिच्यात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ही योजना निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र सात दिवसांत हाड बसविता येते, मेंदू नव्हे. बोलणे, चालणे, आठवणे पुन्हा शिकविण्याचे काम आठव्या दिवसानंतर सुरू होते. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नमूद केलेल्या २१ प्रकारांत मेंदूच्या आघातातून येणाऱ्या अपंगत्वाला स्वतःचे वेगळे नावही नाही. त्याला दुसऱ्या कोणत्या तरी रकान्यात जागा शोधावी लागते.

जिल्ह्याने काय करावे?

वाशीम हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, प्रामुख्याने सोयाबीनवर जगणारा जिल्हा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि तो या जिल्ह्याच्या छातीवरून गेला. महामार्गावरच्या मोठ्या अपघातांची चर्चा विधिमंडळात होते. गावरस्त्यावर एकेकटा मरणाऱ्याची होत नाही. मेंदूत साचलेले रक्त काढण्यास वेळेचे बंधन असते. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३० टक्के, तर त्यानंतर झालेल्यांपैकी ९० टक्के रुग्ण दगावले होते. नंतरच्या अभ्यासांत हे अंतर इतके तीव्र आढळले नाही, तरी उशिराची किंमत कोणी नाकारलेली नाही. वाशीमहून अकोला सुमारे ऐंशी किलोमीटर आणि नागपूर त्याच्या तिपटीने दूर, हे लक्षात घेतले म्हणजे दुखापत मुळातच टाळणे हा येथे सर्वांत स्वस्त उपचार का आहे, ते कळते.

पहिली गोष्ट करायला नव्या कायद्याची गरज नाही. दुचाकी विकताना प्रमाणित हेल्मेट द्यावे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट विकण्यास देशात बंदी आहे. मागे बसणाऱ्यालाही आणि चार वर्षांवरील मुलालाही ते बंधनकारक आहे. परिवहन अधिकाऱ्यांनी चौकात पावत्या फाडण्याआधी दुकानात आणि विक्रेत्याकडे तपासणी केली, तर अर्धे काम होईल. दुसरे हेल्मेट घरातल्या बाईसाठी आहे, हे आवर्जून सांगावे लागेल. एका बाजूला पाय सोडून, कडेवर मूल घेऊन मागे बसलेली स्त्री गतिरोधकावर मागच्या मागे पडते, तेव्हा तिला हात टेकायलाही वेळ मिळत नाही. आणि गतिरोधक गावकऱ्यांनी हट्टाने आणि ठेकेदाराने मर्जीने घालण्याची वस्तू नव्हे. त्याची उंची, रंग आणि सूचनाफलक यांचे ठरलेले प्रमाण आहे; ते पाळले जाते की नाही, हे सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि जिल्हा परिषदेने पाहावे. मजुरांची ट्रॉलीतून होणारी ने-आण हाही याच हिशेबात येतो.

दुसरी गोष्ट नोंदीची. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा प्रारंभ झाला, त्यांत वाशीमचेही आहे. अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे; शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. ऑक्सफर्डला आणि डेट्रॉइटला जी जोडी जमली, ती येथे का जमू नये? जिल्ह्यात डोक्याला मार लागून आलेल्या प्रत्येक रुग्णाची एकपानी नोंद ठेवावी : कोठे पडला, कशावर आपटला, डोक्यावर काय होते, पट्टा लावला होता का, रुग्णालयात किती वेळाने पोचला. दोन वर्षांत जिल्ह्याचा असा नकाशा तयार होईल, की कोणता गतिरोधक आणि कोणते वळण माणसे मारते हे बोट ठेवून दाखविता येईल. उन्हाळ्यात पारा बेचाळिसांवर जातो तेव्हा हेल्मेट सोसवत नाही, ही तक्रार खोटी नाही. हवेशीर आणि तरीही मजबूत हेल्मेट घडविणे हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शोभणारा विषय आहे. युरोपने आपल्या सुधारित नियमांत डोके गरगरविणाऱ्या तिरप्या आघाताची चाचणी आणली आहे. आपले मानक ठरविताना येथील रस्ता, येथील ऊन आणि येथील खिसा यांचा विचार व्हावा.

तिसरी गोष्ट, रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाचा पाठपुरावा. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस अशा रुग्णांसाठी राखून ठेवला, स्मृतीची व वागणुकीची साधी तपासणी झाली आणि दिव्यांग प्रमाणपत्राचा मार्ग सोपा केला, तर अनेक घरांना निदान एवढे तरी कळेल, की मुलगा बिघडलेला नाही, जखमी आहे. एवढ्या माहितीनेही घरातली भांडणे थांबतात, अंगारे-धुपाऱ्यांवरचा खर्च थांबतो आणि उपचाराला दिशा मिळते.

कपाळावर काय लिहिलेले असते, हा श्रद्धेचा विषय आहे आणि त्याची चर्चा येथे करावयाची नाही. कपाळाच्या मागे, हाडाच्या त्या वाटीत, आघाताच्या क्षणी काय घडते ते मात्र आता पुरेसे कळलेले आहे. सैन्याने ते १९४१ मध्ये मान्य केले, आपल्या कायद्याने १९८८ मध्ये केले. जिल्हा प्रशासनाने, विक्रेत्यांनी आणि घराघरांतील कर्त्या माणसांनी ते मान्य करण्यास आणखी किती सुग्या जाऊ द्यायच्या, एवढाच प्रश्न उरला आहे. त्याचे उत्तर देणे आपल्या हाती आहे. ते दैवावर ढकलण्याची सोय या शास्त्राने ठेवलेली नाही.